सूचक, अनुमोदक

विशेष सभा. विषय एकच, म्हणजे सहा:
बांधकाम, शिक्षण, स्वच्छता, नियोजन,
महिला व बालकल्याण,
आणि पाणी.

अर्जांची वेळ अकरा ते बारा.
प्रांतसाहेब साडेदहालाच आले,
खुर्चीवरचा टॉवेल काढायला लावला,
पंख्याकडे एकदा बघितलं.
मी सभा लिपिक. एकवीस वर्षं इतिवृत्त लिहितो.
माणसं काय बोलली ते नाही,
काय बोलली असं ठरलं, ते.

बांधकामाला चार अर्ज.
लोटन बोरसे आणि त्यांचे सख्खे साडू
एकच पेन आलटूनपालटून घेत
एकमेकांकडे पाठ करून भरत होते.
शिक्षण भावसार सरांच्या सुनेला गेलं,
त्या बदल्यात भावसार सर बांधकामावर गप्प.
स्वच्छतेचं हमीद पिंजारींशी कालच ठरलेलं, भरीत पार्टीत,
कुणाच्यातरी मळ्यात, कळण्याच्या भाकरीवर.
साडेअकरा झाले.
पाण्याचा कागद कोराच.

तापीवरून पाइप येतो, बोरीपाशी येईतो दमतो.
आणि पाण्याचं अध्यक्षपद म्हणजे
पहाटे दारात मांडलेले रिकामे हंडे,
लग्नाच्या पंगतीत पाठीमागून आलेला प्रश्न,
स्वतःच्या पोराच्या हळदीला
टँकर कुठून आला, याची चौकशी.
मागचे अध्यक्ष शालिक वाणी.
तीनदा नंबर बदलला, मग चौथ्यांदा गावच.

कुणीतरी विचारलं, आज आलं नाही कोण?
हजेरीपटावर एकच चौकट रिकामी:
द्वारकाबाई कोळी, प्रभाग सात.
सभागृह एकदम एकदिलाचं झालं.
सूचक बोरसे. अनुमोदक त्यांचे साडू.
सकाळपासून पहिल्यांदा बोलले एकमेकांशी.
उमेदवाराची सही तेवढी राहिली.
मला लुनावर पिटाळलं.

प्रभाग सातमध्ये नळ आला होता.
धार वर चढत नाही म्हणून तिथं
प्रत्येक दारापुढं कमरेएवढा खड्डा खणलेला,
आणि खड्ड्यात बाई.
द्वारकाबाईंचा फक्त पदर दिसत होता,
आणि वर येणारा तांब्या. परत वर येणारा तांब्या.
मी काठावर उकिडवा बसलो,
कागद पुढं केला. बारा मिनिटं उरलेली.

'आज नववे रोजे नळ उना, भाऊ,' त्या म्हणाल्या,
'मीटिंगले कशी येऊ?'
मग कागद वाचला. सावकाश, सगळा,
पाण्याच्या आवाजात.
'चावी मनाजोडे राही का?'

चावी म्हणजे व्हॉल्व्हची. उखर्डूकडे असते ती,
छातीएवढी लांब, सायकलला बांधलेली.
कोणत्या गल्लीत किती मिनिटं, ते तिला ठाऊक,
उखर्डूला ठाऊक,
आणि उखर्डूला ज्यांचे फोन येतात त्यांना.

मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून,
ते मलाही नीट सांगता येणार नाही.
त्यांनी ओल्या हातानं सही केली.
'कोळी'तली ळी पसरली, सूचकाच्या नावापर्यंत गेली.

बारा वाजता एकच अर्ज, वैध. बिनविरोध.
फटाके बांधकामाचे फुटले, पेढे बांधकामाचे.
मी लिहिलं: श्रीमती कोळी अनुपस्थित.
पुढं 'पाणी आल्यामुळे' असं लिहून गेलो होतो,
ते खोडलं. कारणाचा रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत,
मला म्हणाल्या, चावी.
मी नियमांचं पुस्तक काढलं. शोधण्यात तासभर घालवला.
तिजोरीची चावी आहे त्यात, दप्तराची आहे.
उखर्डू दारात उभा राहून ऐकत होता,
एक पाय सायकलच्या पेडलवर.

समितीची पहिली सभा येत्या मंगळवारी.
कार्यसूची त्यांनी सांगितली, मी लिहिली:
विषय क्रमांक एक, चावी.
सूचक, द्वारकाबाई कोळी.
अनुमोदक...
मंगळवारी प्रभाग सातला पाणी नाही,
एवढं मी उखर्डूला विचारून घेतलंय.